नवे फलज्योतिष

१९६२ सालच्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हाची धांदल जुन्या वाचकांना आठवत असेल. तरुणांनी ती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि सोबतीला केतू अशी ती अष्टग्रही. आता प्रलय होणार, निदान महायुद्ध तरी पेटणार, अशी हाकाटी काशीपासून कन्याकुमारीपर्यंत उठली. ठिकठिकाणी यज्ञकुंडे धडधडली, जपाचे संकल्प सुटले, लोकांनी ठरलेले प्रवास रद्द केले. ३ ते ५ फेब्रुवारी हे दिवस उजाडले आणि मावळले. सहा तारखेला सकाळी दूध आले, वर्तमानपत्र आले आणि जग होते तेथेच राहिले.

त्याच तीन दिवसांत दुसरी एक गोष्ट घडली, तिची मात्र फारशी कोणाला आठवण नाही. ४-५ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण झाले. ते न्यू गिनी आणि प्रशांत महासागराच्या पट्ट्यात दिसले आणि गणिती लोकांनी आधी सांगून ठेवलेल्या वेळेला दिसले. आकाश तेच, ग्रह तेच. त्याच ग्रहांवरून दोन भाकिते झाली. एक अचूक ठरले, दुसरे साफ खोटे. पहिले सांगणाऱ्याने यज्ञ मागितला नाही, दक्षिणा घेतली नाही. दुसरे सांगणाऱ्यांनी दोन्ही घेतल्या आणि प्रलय टळल्याचे श्रेयही आपल्याच यज्ञांच्या पदरात टाकले!

आपण आज त्या अष्टग्रहीला हसतो. हसावेच. परंतु ज्या फलज्योतिषाला आपण देवघरातून घालवले, ते कोट-टाय घालून दिवाणखान्यात येऊन बसले आहे, आणि त्याला आपण खुर्ची देतो, हार घालतो, ध्वनिक्षेपक देतो, ही गोष्ट हसण्यासारखी नाही. त्याविषयीच आज चार परखड शब्द लिहावयाचे आहेत.

निमित्त लहानसेच आहे. आमच्या सीमाभागातल्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एक विद्वान पाहुणे आले होते. विषय होता, ‘२०५० सालचे जग’. त्यांनी तासाभरात सगळे जग वाटून टाकले. अमुक महासत्ता बुडणार, तमुक उगवणार. अमुक धंदे यंत्रे गिळणार. आणि शेवटी ओघाओघात ते म्हणाले की, यंत्रे क्षणात भाषांतर करणार असल्यामुळे लहानमोठ्या देशी भाषांचे प्रयोजन तीस वर्षांत संपेल, मातृभाषेच्या शाळा हा केवळ भावनेचा प्रश्न उरेल. टाळ्या पडल्या. दुसऱ्या आठवड्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. त्यांची मुलगी मराठी शाळेत तिसरीत होती आणि वर्गात पहिली-दुसरी येत होती. ते म्हणाले, “गुरुजी, नाव काढलं तिचं. आता तुम्हीच सांगा, जे बुडणारच आहे त्यात पोरीला कशाला बसवायचं?” मी निरुत्तर झालो नाही, पण माझे उत्तर त्यांना रस्त्यात उभ्याउभ्या देता येण्यासारखे नव्हते. ते येथे देत आहे.

आपल्या प्राचीन ज्योतिषाचे तीन स्कंध मानले गेले आहेत: गणित, होरा आणि संहिता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्यांचा इतिहास मोठ्या साक्षेपाने मांडला आहे. गणित ग्रहांच्या गती मोजते. होरा एकेका माणसाचे नशीब सांगते. आणि संहिता देशांचे, राजांचे, पर्जन्याचे, दुष्काळाचे आणि युद्धांचे फल वर्तवते. आजचे जे भविष्यवेत्ते पन्नास वर्षांनंतरचे जागतिक राजकारण सांगतात, ते या तिसऱ्या स्कंधाचे वारस आहेत. फरक इतकाच की, वराहमिहिराच्या काळी धूमकेतू पाहून सांगत, आज आलेख पाहून सांगतात. आलेखाची रेषा कागदाच्या कडेपर्यंत आली की, तीच रेषा टेबलावरून पुढे ओढावयाची, एवढेच त्यांचे शास्त्र.

हा आरोप पोकळ वाटू नये म्हणून आपल्याच देशाची कुंडली या मंडळींनी कशी मांडली होती, ते पाहू.

१९६७ साली अमेरिकेत विल्यम आणि पॉल पॅडॉक या बंधूंनी १९७५ सालच्या दुष्काळाचे भाकीत करणारा एक ग्रंथ लिहिला. एक बंधू शेतीतज्ज्ञ, दुसरे परराष्ट्र खात्यातले. रणांगणावरच्या वैद्याप्रमाणे त्यांनी उपाशी देशांची तीन गटांत वाटणी केली: मदतीवाचून तगतील ते, मदतीने वाचतील ते, आणि मदत देऊनही वाचणार नाहीत ते. हिंदुस्थानला त्यांनी तिसऱ्या गटात टाकले. म्हणजे धान्याची जहाजे तिकडे पाठवू नका, ते धान्य वाया जाईल. पुढच्याच वर्षी पॉल एर्लिक यांनी लोकसंख्येच्या स्फोटावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले आणि सत्तरीच्या दशकात कोट्यवधी माणसे अन्नावाचून मरतील, ते आता टळणार नाही, असे बजावले.

ही भाकिते छापून येत असताना येथे काय चालले होते? १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे या देशात आले होते. सी. सुब्रह्मण्यम् कृषिमंत्री होते, स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी प्रयोगक्षेत्रांत राबत होते आणि पंजाबचा शेतकरी कर्ज काढून कूपनलिका खणत होता. १९६४-६५ साली सव्वा कोटी टनांच्या आतबाहेर असलेला गहू १९७०-७१ साली दोन कोटी टनांच्या वर गेला. ज्यांना मृत ठरवले होते त्यांनी कोठारे भरली.

कोणी म्हणेल की, दुष्काळ काय पडलेच नाहीत? पडले. १९७४ साली बांगलादेशात माणसे मेली. पण अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या ग्रंथात दाखवून दिले की, तेथे धान्याच्या एकूण तुटीपेक्षा ते विकत घेण्याची ऐपत हरपणे हे मरणाचे मोठे कारण होते. आणि आपल्या घरचा दाखला घ्या. १९७२-७३ सालचा महाराष्ट्राचा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सुकडी आठवते, खडी फोडणाऱ्या बाया आठवतात. १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, गुरे गेली, पण भाकितातला संहार झाला नाही. कारण मजुरी मिळाली आणि मजुरीने धान्य मिळाले. वि. स. पागे यांच्या चिंतनातून उगवलेल्या रोजगार हमीच्या योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप आले. कोणत्या आलेखाच्या रेषेत पागे बसत होते? कोणत्या यंत्राने गणिताच्या कागदावर त्या बायांचे हात मोजले होते?

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. १९५८ साली संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी २००० साली जगात सुमारे ६२८ कोटी माणसे असतील, असा हिशेब केला होता. प्रत्यक्षात ती ६१० कोटींच्या आसपास भरली. बेचाळीस वर्षे आधी केलेला हिशेब इतका जवळ यावा, ही नवलाची गोष्ट आहे. म्हणजे डोकी मोजणाऱ्यांचे गणित बरोबर आले आणि त्याच डोक्यांवरून प्रलय सांगणाऱ्यांचे फल चुकले. १९६२ चे ग्रहण आणि अष्टग्रही यांचीच ही दुसरी आवृत्ती.

परंतु खोटे ठरलेले भाकीत निरुपद्रवी असते, असे समजू नका. ‘लोकसंख्येचा स्फोट’ हा शब्द विलायतेतून येथे आला, मंत्रालयांत रुजला, आणीबाणीत त्याला दंडुका फुटला. १९७६-७७ या एका वर्षात या देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या किती जणांना धाक, आमिष किंवा फसवणूक यांनी मेजावर झोपवले, ते खेड्यापाड्यांत विचारा. ज्यांनी भाकीत केले त्यांच्या ग्रंथांच्या आवृत्त्या निघाल्या. ज्यांच्यावर ते बेतले त्यांना भरपाई कोणी दिली? जोशीबुवांचे फल खोटे ठरले तर निदान यजमान पुढच्या खेपेला दुसरा जोशी पाहतो. या नव्या जोशांना तेवढेही भय नाही.

राजकीय भाकितांची तीच कथा. १९६० साली, मुंबई राज्याचे दोन तुकडे होऊन महाराष्ट्र जन्माला आला त्याच वर्षी, सेलिग हॅरिसन या अमेरिकन पत्रकाराचे हिंदुस्थानच्या ‘अत्यंत धोक्याच्या दशकां’वरचे पुस्तक आले. भाषांच्या भांडणांत हा देश एकसंध आणि स्वतंत्र टिकेल काय, अशी घोर शंका त्यात होती. १९६७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये नेव्हिल मॅक्सवेल यांनी तर चौथी सार्वत्रिक निवडणूक ही बहुधा शेवटचीच, असे लिहून टाकले. २०२४ साली अठराव्या लोकसभेसाठी ६४ कोटींवर लोकांनी मतदान केले. आम्हा सीमावासीयांचा सल अजून गेलेला नाही, तो २००४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दारात गेला आहे. पण न्यायालयाच्या दारात गेला आहे, हेच महत्त्वाचे. भाषिक राज्ये झाली तर देश फुटेल, असे सांगणारे आपल्यांतही थोडे नव्हते. त्यांचे ऐकून राज्ये केलीच नसती, तर देश फुटण्याचा संभव कमी झाला असता की वाढला असता, याचा विचार वाचकांनीच करावा.

गोव्याकडे पाहा. १९५१ साली पोर्तुगालने घटना बदलून गोव्याला ‘सागरापारचा प्रांत’ ठरवले, म्हणजे चारशे वर्षांचे राज्य आता कायमचे झाले, असा सालाझारशाहीचा हिशेब. दहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, तो दोन दिवसांच्या आत निकालात निघाला. त्यानंतर आपसांतली भाकिते सुरू झाली. विलीनीकरण न झाल्यास गोव्यातून मराठी उखडली जाईल, असे एका बाजूने. झाल्यास कोंकणी गिळली जाईल, आणि तशीही ती बोलीच, तिला साहित्य कसले, असे दोन्ही बाजूंच्या वादात ऐकू येई. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमतात १,७२,१९१ मते वेगळेपणाला आणि १,३८,१७० विलीनीकरणाला पडली. कौल कोणाला गोड लागला, कोणाला कडू. पण पुढे काय झाले? जिला बोली म्हटले त्या कोंकणीला १९७५ साली साहित्य अकादमीने स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत गेली, आणि रवींद्र केळेकार व दामोदर मावजो यांच्या रूपाने तिने दोनदा ज्ञानपीठ मिळवले. आणि उखडली जाणार असलेली मराठी? गोव्याच्या देवळांपुढे जत्रेच्या रात्री अजूनही मराठी नाटकाचा पडदा वर जातो. दोन्ही भाकिते खोटी ठरली, कारण दोन्ही बाजूंची माणसे हात जोडून बसली नाहीत. प्रस्तुत मासिक ज्या दोन भाषांत निघते, त्या दोहोंच्याही मृत्युपत्रिका एकेकाळी छापून तयार होत्या, हे त्याच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

शास्त्रज्ञ तरी या मोहातून सुटतात काय? होमी भाभांच्या बुद्धीविषयी कोणाला शंका नाही. १९५५ साली जिनिव्हाला अणुशक्तीच्या पहिल्या शांततापरिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सांगितले की, अणुसंमीलनाची शक्ती काबूत आणण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल. १९७५ साल गेले. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या लिव्हरमूरच्या प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल प्रकाशशक्ती टाकून ३.१५ मेगाज्यूल निघाली, तेव्हा जगाने जल्लोष केला. पण ते लेसर पेटवावयास सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती. भाभांचे विज्ञान चुकले नव्हते, तारीख चुकली होती. हर्बर्ट सायमन यांनी १९५७ साली सांगितले की, दहा वर्षांत यंत्र बुद्धिबळाचे जगज्जेतेपद घेईल, लागली चाळीस. १९६५ साली ते म्हणाले की, माणूस करतो ते कोणतेही काम वीस वर्षांत यंत्र करील; १९८५ साली यंत्राला चहाचा पेला उचलून देणेही जड जात होते. २०१६ साली जेफ्री हिंटन यांनी क्ष-किरणतज्ज्ञ घडवणे आताच थांबवा, असा सल्ला दिला. हिंटन यांना पुढे २०२४ साली नोबेल मिळाले आणि ते योग्यच होते. परंतु त्यांचे ऐकून त्या वर्षी जर विद्यालयांनी वर्ग बंद केले असते, तर आज छातीचे चित्र घेऊन रोगी कोणाच्या दारात उभा राहिला असता?

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. काही भाकिते खरी ठरली, हे मी नाकारीत नाही. इव्हान ब्लॉक या सावकाराने १८९८ साली सांगितले होते की, पुढचे युरोपीय युद्ध खंदकांत रुतून बसेल. १९१४ साली तसेच झाले. आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या दळणवळण-उपग्रहांची कल्पना मांडली. आंद्रेई अमालरिक यांनी १९६९ साली लिहिलेल्या निबंधात सोव्हिएत संघ १९८४ पर्यंत तरी टिकेल काय, असे विचारले आणि १९९१ साली तो कोसळला. मग?

मग असे की, सेनापतींनी ब्लॉक यांचे ऐकले नाही, कारण खरे भाकीत आणि खोटे भाकीत ही आधी सारखीच दिसतात. क्लार्क यांनी भविष्य सांगितले नाही, गणित केले. आणि अमालरिक यांचा सोव्हिएत संघ चीनशी युद्ध होऊन मोडावयाचा होता. ते युद्ध कधी झालेच नाही. शंभर बाण मारून पाच लागले, तर त्या पाचांची जाहिरात करणारा तिरंदाज ठरत नाही. फिलिप टेटलॉक यांनी २८४ जाणत्यांची ८२ हजारांहून अधिक राजकीय भाकिते वीस वर्षे मोजली आणि २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: साध्या अंदाजांपुढे तज्ज्ञांचे पारडे फारसे जड नव्हते, आणि ज्यांचे नाव मोठे त्यांचे माप उलट हलके होते. त्याच टेटलॉक यांनी पुढे हेही दाखवले की, काही चौकस माणसे वर्षभरापुढचे अंदाज बऱ्यापैकी करू शकतात. ते मान्य. पण वर्षभरापुढचा अंदाज निराळा आणि अर्धशतकापुढचे फल निराळे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाकीत केलेच नाही तर धरणे कशी बांधावयाची, शाळा कशा काढावयाच्या, तापणाऱ्या पृथ्वीची चिंता कशी करावयाची? या आक्षेपाला मी मान देतो. माझे भांडण गणिताशी नाही. स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ साली हिशेब मांडला की, हवेत कोळशाचा वायू वाढला तर पृथ्वी तापेल. या वाक्यातला ‘तर’ पाहा. त्या ‘तर’मध्ये माणसाच्या हाताला जागा आहे. असे भाकीत माणसाला उठवते. उलट ‘होणारच’ म्हणणारे भाकीत त्याला बसवते. मायकेल क्राउस या भाषाशास्त्रज्ञाने १९९२ साली इशारा दिला की, येत्या शतकात जगातल्या नव्वद टक्के भाषा मरतील किंवा मरणपंथाला लागतील. हा माणूस अलास्काच्या भाषा जपण्यासाठी झिजत होता. त्याने तो आकडा आपल्या व्यवसायबंधूंना जागे करण्यासाठी सांगितला. आमच्या व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी तेच वाक्य उचलले आणि त्यातला ‘तर’ खोडून टाकला. वैद्याचा इशारा त्यांनी स्मशानाची चिठ्ठी करून वाचला.

आणि हीच या सगळ्या प्रकरणातली गोम आहे. ग्रहणाचे भाकीत ऐकून चंद्र वाट बदलत नाही. समाजाविषयीचे भाकीत ऐकून मात्र समाज बदलतो. रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ साली याला बँकेचे उदाहरण दिले होते: धडधाकट बँक बुडणार अशी आवई उठते, लोक ठेवी काढावयास धावतात आणि बँक खरोखरच बुडते. मग आवई उठवणारा म्हणतो, मी सांगत नव्हतो? मराठी शाळा बुडणार म्हणून दहा बाप मुलांची नावे काढतात; पटसंख्या घटली म्हणून शिक्षक काढला जातो; शिक्षक नाही म्हणून उरलेले दहा जातात; आणि २०५० साली कोणी तरी त्या पाहुण्यांच्या पुतळ्याला हार घालून म्हणेल, केवढे द्रष्टे होते! चोराने दिवाणखाना लुटावा आणि वर चोरी होणार हे आधीच सांगितल्याबद्दल बक्षीस मागावे, तसे हे आहे.

यंत्रे भाषांतर करतात आणि पुढे याहून चांगले करतील, हे मला मान्य आहे. परंतु भाषांतरासाठी आधी दोन्ही तीरांवर कोणी तरी बोलत असावे लागते. एक तीर ओसाड पडला तर पूल बांधून काय करावयाचे? यंत्र मराठी शिकते ते मराठीत लिहिलेल्या मजकुरावरून. तो मजकूर पुढच्या पिढीत कोण लिहील, हा प्रश्न यंत्राचा नाही, तिसरीतल्या त्या मुलीचा आहे.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. यापुढे कोणी व्यासपीठावरून पुढच्या अर्धशतकाचे पंचांग वाचू लागला, की नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. महाराज, हे गणित की फल? यात कोठे ‘तर’ आहे काय? आणि हे खोटे ठरले तर आपले काय जाईल? तिसऱ्या प्रश्नाला बहुधा उत्तर येणार नाही. पॅडॉक बंधूंचे काही गेले नाही, मॅक्सवेल यांचे गेले नाही, आमच्या पाहुण्यांचेही जाणार नाही. त्यांची मुले कोणत्याही शाळेत शिकली तरी चालतील. ज्याचे काही जात नाही त्याच्या शब्दावर आपल्या घरचा निर्णय करणे याला दूरदृष्टी म्हणत नाहीत.

मी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन आलो. हे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “गुरुजी, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण मी एकट्यानं ठेवून काय होणार? बाकीचे ठेवतील का?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर कोणाही भविष्यवेत्त्याजवळ नाही. ते त्यांच्या आळीतल्या उरलेल्या नऊ बापांजवळ आहे. शाळेचे प्रवेश जूनमध्ये सुरू होतात. त्याआधी मी त्या नऊही घरी जाणार आहे. ज्यांना सोबत यावयाचे असेल त्यांनी कळवावे.